अकरावे नाव

पैकू गुरुजी भिवगडे यांच्या स्मृतिदिनाची सभा दर वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी उत्तर नागपुरातल्या एका लहानशा सभागृहात भरते. सिंधूताई गजघाटे तिला न चुकता जातात, आणि संतापून मात्र कधीच परतत नाहीत. ज्याला आपण काही किंमत देतो त्याच्यावरच संतापता येते. व्यासपीठावर बसणाऱ्यांना ती किंमत सिंधूताईंनी आजवर दिलेली नाही. एक वक्ता सद्गदित कंठाने सांगतो की गुरुजींनी माझ्या मांडीवर प्राण सोडला. त्याच्या मागून उठलेला दुसराही तेच सांगतो. गुरुजींचे मस्तक एका वेळी किती मांड्यांवर विसावले असेल, हा प्रश्न त्या सभेत कोणालाच पडत नाही. सिंधूताईंना उत्तर ठाऊक आहे. ते मस्तक तणसावर होते, आणि बराच वेळ त्याच्या जवळ कोणीही गेले नव्हते.

ही घटना शेहेचाळीस वर्षांपूर्वीची, काटोलच्या एका संत्र्याच्या अडतीतली. तिथे पेट्या भरणाऱ्या बायकांना पाण्याच्या माठाला हात लावण्याची मुभा नव्हती. तहान लागली की ओंजळ पुढे करायची, मग कोणीतरी वरून पाणी ओतायचे. ओतणारा कामात असेल तर त्याची मर्जी होईपर्यंत ओंजळ तशीच धरून उभे राहायचे. सिंधूताईंच्या आईवडिलांनी छप्पन्न साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतरच्या वर्षी सिंधूताईंचा जन्म झाला. दीक्षेनंतर जन्मलेल्या आणि त्याच अडतीत पेट्या भरणाऱ्या त्या बाईला ती रिकामी ओंजळ संत्र्यांनी भरलेल्या पेटीहून जड वाटे. पैकू गुरुजी सिंधूताईंच्याच वस्तीतले. शिक्षकाची नोकरी सोडून ते मजुरांच्या हक्कांसाठी गावोगाव फिरत. अडतीतल्या माठाविषयी कळले तेव्हा त्यांनी मोर्चा काढला नाही की पत्रक छापले नाही. रोज सकाळी ते अडतीत येत, माठावरचे झाकण स्वतःच्या हाताने काढत, गडवा बुडवून पाणी पीत आणि तो गडवा शेजारच्या बाईच्या हाती देत. आठवडाभरात सगळ्या बायका आपापले पाणी घेऊ लागल्या. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी पेट्यांत अंथरायच्या वाळल्या तणसाच्या ढिगामागून दोघे जण आले आणि माठाशी वाकलेल्या गुरुजींच्या पाठीत त्यांनी सुरे खुपसले.

लख्ख उजेड होता. इतर बायका फाटकाबाहेर गाडी भरत होत्या; हाकेच्या अंतरावर मात्र अकरा माणसे होती, आणि मारेकऱ्यांना त्यांतला प्रत्येक जण नावाने ओळखत होता.

खटला नागपूरच्या सत्र न्यायालयात चालला. पोलिसांनी दाखल केलेल्या दोषारोपपत्रात अकराही प्रत्यक्षदर्शींची नावे होती. दहा पुरुषांची, आणि सर्वांत शेवटी सिंधूताईंचे. दहाही पुरुष क्रमाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, सत्याची शपथ घेतली आणि आपण काहीच पाहिले नाही असे सांगून खाली उतरले. कोणी पाठमोरा होता, कोणी लघवीला गेला होता, एकाच्या डोळ्यांत नेमका त्याच क्षणी तणसाचा कण गेला होता. अकरावी साक्ष बावीस वर्षांच्या सिंधूताईंची. बचावाच्या वकिलाने विचारले, तेव्हा किती वाजले होते? घड्याळ त्यांच्यापाशी कधीच नव्हते. दुसरी गाडी भरून व्हायची होती, एवढे त्यांनी सांगितले, आणि न्यायालयात हशा पिकला. तो ओसरल्यावर त्यांनी हात उचलून दोन्ही आरोपींकडे, एकेकाकडे, बोट दाखवले. एकट्या बाईच्या शब्दावर शिक्षा देणे न्यायाधीशांना उचित वाटले नाही. दोघे सुटले.

सिंधूताईंना त्यानंतर काटोलच्या कोणत्याही अडतीत काम मिळाले नाही. त्या नवऱ्यासह नागपुरात आल्या आणि तेव्हापासून आजवर गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावत राहिल्या. मुले त्या सुईवर शिकली. नवरा गेला, चष्म्याचा क्रमांक वाढत गेला. आपल्या साक्षीची गोष्ट त्यांनी या काळात कोणाला ऐकवली नाही. विचारले तर मात्र टाळलीही नाही.

भीतीला त्यांनी कधी तुच्छ मानले नाही, हे इथे सांगितले पाहिजे. त्या दहांपैकी बळीराम नावाचा एक हमाल होता. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी तो त्यांच्या दारात आला. बसा म्हटले तरी बसला नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "वहिनी, मी भेलो. दोन पोरी आहेत मले. उद्या मी खोटं बोलीन." तो बोलला, आणि नंतर मरेपर्यंत एकदाही गुरुजींच्या स्मृतिदिनाला आला नाही. त्याचे नाव निघाले की सिंधूताई आजही पदर सावरून बोलतात. त्यांची सारी अवहेलना राखून ठेवलेली आहे ती उरलेल्यांसाठी. भिऊन जे गप्प बसले आणि भय ओसरताच शूर म्हणून मिरवू लागले, त्यांच्यासाठी.

या मंडळींचे मुकुटमणी मनोहरराव. ते तेव्हा अडतीत तोलाई करीत. आपली नजर काट्यावरून हललीच नाही, अशी त्यांची साक्ष होती. वर्ष उलटायच्या आत त्याच अडत्याच्या शिफारशीने त्यांना एका सहकारी संस्थेत नोकरी लागली. निवृत्तीचे दिवस जवळ आले तेव्हा त्यांना गुरुजी आठवले. त्यांनी स्मृतिसमिती स्थापन केली, तिचे अध्यक्षपद विनयपूर्वक स्वीकारले आणि ते अद्याप खाली ठेवलेले नाही. गुरुजींची मांडीवरची गोष्ट प्रथम त्यांनीच सांगितली. इतरांनी ती त्यांच्याकडून उचलली.

यंदा सभेच्या पंधरा दिवस आधी समितीचा सचिव प्रशिक सिंधूताईंकडे आला. बँकेत अधिकारी असलेला हा चाळिशीचा गृहस्थ मनाने निर्मळ होता. खटला संपला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. मोठ्या उत्साहाने त्याने मोबाइलवरचे छायाचित्र पुढे केले. काळ्या ग्रॅनाइटच्या शिळेवर सोनेरी अक्षरे होती: 'सत्याची बाजू न सोडणारे शूर साक्षीदार'. खाली अकरा नावे, पहिले मनोहररावांचे.

"शेवटचं पाहा आजी. तुमचं आहे."

सिंधूताईंनी चष्मा पुसला आणि सगळी नावे वाचली. मग विचारले, "हे नावं कुठून घेतले गा?"

"दोषारोपपत्रातून. झेरॉक्स भेटली मले."

"अन् निकाल नाही वाचला?"

"निकाल कशाले? साक्षीदार तं त्याच्यात आलेच ना."

ज्याची नोंद साक्षीदार म्हणून झाली त्याने साक्षही दिली असणार, असे त्या भल्या माणसाने गृहीत धरले होते. ज्यांना त्याची चूक पहिल्याच दिवशी कळली होती, ते समितीच्या बैठकीत मान डोलावत चहा पीत राहिले. पेटीतून सिंधूताईंनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली निकालाची प्रत काढली आणि त्याच्या हाती दिली. ती इंग्रजीत होती. प्रशिकने ती खाटेच्या कडेला बसून वाचली. एकेका नावापुढचा 'फितूर' हा शेरा ओलांडताना त्याचे ओठ हलत होते. दहावा शेरा वाचून झाल्यावर त्याने मोबाइल खिशात घातला आणि वर न पाहता विचारले, "आजी, तुम्ही इतके वर्षं त्या सभेत बसून कशा राहिल्या?"

"गुरुजीच्या फोटोसाठी येतो ना मी. मांडीवाल्यायसाठी नाही."

समितीत काय झाले ते चौथ्या दिवशी कळले. शिळा कोरून झाली आहे, पाहुण्यांना निमंत्रणे गेली आहेत, आता फेरफार नाही, असे ठरले. प्रशिकने वाद घातला, पण त्याच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. आणि सिंधूताईंची समजूत घालायला मनोहरराव जातीने आले. शहात्तरीचे वय, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला निळी फीत. खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून घेतली.

"सिंधू, काहून जुनं उकरून राहिली वं? शेहेचाळीस वर्षं झाले."

"मी काही उकरलं नाही, मनोहरभाऊ. दगड तुम्ही आणला."

पोरांपुढे काही आदर्श ठेवायला नको का, असे त्यांनी विचारले. त्या काळची परिस्थितीच तशी होती, हेही सांगितले. पुढे आवाज खाली आणून म्हणाले की गुरुजींवर आपले किती प्रेम होते हे सिंधूलाच ठाऊक आहे. सिंधूताई मांडीवरच्या साडीला फॉल लावत ऐकत होत्या. टाका मोडून त्या म्हणाल्या, "ठेवा मग दगड. फक्त एकेकाच्या नावाखाली त्यानं कोर्टात काय सांगितलं थे लिहा. कोणाच्या डोळ्यात काय गेलं, कोण कुठं गेला. अन् तुमच्या नावाखाली काटा."

मनोहररावांचा चेहरा क्षणभर उघडा पडला; मग त्यांनी तो सावरून घेतला. बऱ्याच विचारानंतर त्यांनी तोडगा सुचवला. अकरावे नाव पहिल्या ओळीत आणता येईल. खाडाखोड करून नव्हे, रीतसर, नवी शिळा कोरून. पाहिजे तर थोड्या मोठ्या अक्षरांत.

आपल्याला विकत घेता येत नाही हे शेहेचाळीस वर्षांपूर्वीच ठरून गेले होते. पण आपली किंमत या माणसाने मोठ्या अक्षरांइतकी ठरवावी, याचे सिंधूताईंना खरोखर हसू आले. एकच गोष्ट त्यांना जपायची होती. भरल्या न्यायालयात, हशा झेलून उच्चारलेला आपला शब्द या दहांच्या पंगतीत बसता कामा नये.

"माझं नाव काढा," त्या म्हणाल्या. "बाकी जसं आहे तसं राहू द्या."

मनोहररावांना वाटले, बाई रुसली आहे. त्यांनी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. इतक्या स्वस्तात निभावले याचा आनंद त्यांना लपवता येईना. जाताना ते चहाही मागून प्याले.

सभेच्या दिवशी सिंधूताई पांढरी साडी नेसून गेल्या. त्रिसरण-पंचशील झाले. असत्य न बोलण्याच्या चौथ्या शीलाला मनोहररावांचा स्वर सर्वांहून खणखणीत लागला. निळा पडदा बाजूला झाला. शिळेवर दहा नावे होती, आणि तळाशी घासून गुळगुळीत केलेली एक ओळ. सूत्रसंचालन प्रशिककडे होते. शिळेवरचा मजकूर वाचायला मात्र तो उठला नाही. ते काम अध्यक्षांनाच करावे लागले.

सभा संपल्यावर बायका शिळेभोवती जमल्या. बळीरामची सून, खटल्यानंतर झालेल्या त्याच्या मुलाची बायको सुभद्रा, सासऱ्याच्या नावावर हात फिरवत होती. सिंधूताई दिसताच तिने विचारले, "आजी, तुमचं नाव काहून नाही याच्यात? तुम्हीही होत्या ना तिथं?"

चारपाच बायका वळल्या. तीन पावलांवर मनोहरराव पाहुण्यांना निरोप देत होते. त्यांचा नमस्कार अर्ध्यावर थांबला.

"माझं कसं राहील बाई," सिंधूताई म्हणाल्या, "मी तं पाह्यलं होतं."

सुभद्राला तत्काळ उमगले नाही. मग तिची दृष्टी पुन्हा त्या दहा नावांवरून गेली आणि सासऱ्याच्या नावापाशी अडली. हात तिने मागे घेतला. तेव्हा सिंधूताईंनी तो स्वतःच्या हातात धरला.

"त्यानं मले आदल्या दिवशी सांगितलं होतं पोरी, का मी भेलो म्हणून. याच्यातल्या दुसऱ्या कोणी नाही सांगितलं. घरी ये, सारं सांगतो तुले."