मोळीच्या दिवशीचा वेग

आमच्या घरात ब्लाउजच्या बाहीवर ‘जागे व्हा’ असं लिहिलेलं असायचं. बाहीवर म्हणजे बाहीच्या कागदी मापावर. वडील राजूरला शिवणकाम करायचे आणि उरलेल्या वेळात चळवळ. आठवडी बाजारात वाटून उरलेली पत्रकं घरी परत यायची, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर खडूने रेघा मारून वडील बाही, गळा, पाठ कापायचे. मी वाचायला शिकले ती त्या तुकड्यांवरून. त्यामुळे जगातला कुठलाही अन्याय मला आधी अर्धवट कळतो. उद्गारचिन्ह मात्र पूर्ण दिसतं.

अशा तयारीनिशी मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला आणि जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात लागले. मालक आणि मजूर यांच्यातल्या लढ्यासाठी मी सज्ज होते. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आलेली पहिली लढाई बोटभर लांबीच्या एका सेन्सरवरून झाली.

उसाचा रस काढणाऱ्या रोलरांना कारखान्यात मिल म्हणतात. मिल किती वेगाने फिरते आहे हे पॅनलवरच्या माणसाला सतत दिसावं लागतं. मिल अडकली आणि मागून ऊस आणणारा कॅरियर चालूच राहिला, तर बघता बघता उसाचा ढीग छतापर्यंत जातो, आणि मग माणसांना कोयते घेऊन आत उतरावं लागतं. म्हणून मिलचा वेग शून्य दिसला की कॅरियर आपोआप थांबतो, अशी जोडणी केलेली असते. वेग दाखवणारा जुना, पट्ट्यावर चालणारा मीटर मागच्या हंगामाच्या शेवटी निवर्तला होता. त्याच्या जागी नवा सेन्सर निवडायचा होता.

उमेदवार दोन. पहिला साधा मॅग्नेटिक पिकअप: चुंबकाभोवती गुंडाळलेली तार, बाकी काही नाही. समोरून लोखंडी चाकाचा दात गेला की तारेत आपोआप थोडी वीज तयार होते, आणि त्या धक्क्यांवरून वेग मोजायचा. बाहेरून वीज लागत नाही. कॉलेजात माझा सगळा जीव या सेन्सरवर होता. कोणाच्या मेहेरबानीवर न जगणारा, स्वतःची वीज स्वतः पैदा करणारा! माझ्या वहीत त्याच्या आकृतीशेजारी मी मूठ काढली होती. पुढच्याच पानावर त्याचा स्वभाव दिला होता, तो वाचून मूठ खोडावी लागली. दात वेगाने गेला तरच वीज होते. हळू गेला तर ती इतकी कमी, की मीटर म्हणतो, इथून कोणी गेलंच नाही.

दुसरा हॉल सेन्सर. त्याला सप्लाय द्यावा लागतो, जास्तीची केबल ओढावी लागते, नखरे बरेच. पण दात मुंगीच्या चालीने गेला तरी त्याला कळतं.

मी हॉलच्या बाजूने टिपणी लिहिली. टिपणी साध्या भाषेत लिहायची असते हे मला माहीत होतं. पण हात सवयीचा. मथळा झाला: ‘हळू चालणाऱ्यांची दखल कोण घेणार?’ शेवटचं वाक्य ‘ही डोळेझाक आम्ही खपवून घेणार नाही!’ असं आलं. ‘आम्ही’ म्हणजे इन्स्ट्रुमेंट विभाग, ज्यात मी आणि एक टेबल पंखा होतो.

चीफ इंजिनियर साहेबांनी टिपणी चष्म्याच्या वरून वाचली.

“मॅडम, ही टिपणी आहे का मोर्चाचं आमंत्रण?”

“सर, मुद्दा तांत्रिक आहे.”

“टर्बाइनवर कोणता बसलाय? पहिलाच ना? कधी तक्रार आली?”

“टर्बाइन पळतं, सर. मिल चालते.”

“आणि तुमच्या विचारांना पण तोच शोभतो की. स्वावलंबी आहे.” ते स्वतःच हसले आणि टिपणी खरेदी समितीपुढे ठेवली. मथळ्याचं पान तेवढं काढून.

खरेदी समितीवर एक ज्येष्ठ संचालक होते. बागायतदार माणूस, पांढरा फेटा, बोलणं कमी. त्यांनी दोन्ही सेन्सर हातात घेऊन वजन केलं.

“चुंबक दोघांत हाय?”

“आहे, पण काम वेगळं—”

“थांब पोरी.” ते उठले आणि पहिला सेन्सर भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाला लावला. तो टक्कन चिकटला. ओढून काढावा लागला. मग हॉल लावला. हॉलमधलं चुंबक बारीक असतं. तो क्षणभर रेंगाळला आणि खाली पडला.

बाजारात स्टीलचं पातेलं घेताना खिशातलं चुंबक लावून बघायची आपल्याकडे रीत आहे. तिथे चिकटलं तर पातेलं नापास. इथे नियम उलटा लागला, एवढाच फरक.

“ह्यो घट्ट धरतोय,” संचालक म्हणाले. “दुसऱ्यात जीव न्हाई.”

समितीने एकमताने घट्ट धरणारा मंजूर केला. जीव नसलेला, विक्रेत्याने नमुना म्हणून दिलेला हॉल मी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला.

चाचणी झाली ती मिल पूर्ण वेगाने पळवून. पिकअपने बिनचूक आकडा दाखवला. चीफ साहेबांनी माझ्याकडे वळून हात जोडले.

“आणि मोळीच्या दिवशी?” मी विचारलं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी कॅरियरच्या तोंडाशी, गव्हाणीत, पहिली मोळी हाताने टाकतात. महाराज असतात, चेअरमन असतात, संचालक सपत्नीक असतात, सगळ्यांचे हात गव्हाणीजवळ. म्हणून आणि फोटो नीट यावा म्हणून मिल आणि कॅरियर त्या दिवशी अगदी सावकाश चालवतात. त्या वेगाला कारखान्यात ‘देवाची चाल’ म्हणत. आमचा स्वावलंबी सेन्सर देवाच्या चालीला शून्य समजणार होता, आणि शून्य म्हणजे कॅरियर बंद.

“एका दिवसासाठी केबल ओढू?” चीफ साहेब म्हणाले आणि जेवायला गेले.

तो एक दिवस ज्याच्या जिवावर बेतणार होता तो माणूस पॅनलसमोर स्टुलावर बसून हे ऐकत होता. आमचा पॅनल ऑपरेटर. पाथर्डीकडचा. आईबाप ऊस तोडायला इकडे यायचे. लग्नानंतर तो आणि त्याची बायकोही काही वर्षं कोयता घेऊन आले. मग तो मिल हाउसात झाडूवर लागला आणि बघत बघत पॅनलवर आला. पण अजून हंगामी. हंगाम संपला की घरी, पुढच्या वर्षी बोलावणं आलं तर परत. कोणाला कायम केलं हे चेअरमन मोळीच्या दिवशी स्टेजवरून जाहीर करत, आणि या वर्षी याचा नंबर आहे असं सगळे धरून चालले होते. त्याच्या आधीच्या ऑपरेटरचाही नंबर असाच धरला होता. त्याच्या हातून मोळी आत असताना कॅरियर बंद पडला, अपशकुन झाला, आणि तो माणूस पॅनलवरून यार्डात गाड्यांना रांग लावायला गेला. अजून तिथेच शिट्टी वाजवतो.

“मॅडम,” साहेब गेल्यावर तो म्हणाला, “एक दिस ती जोडणी सोडून ठिवा की. शून्य दिसू द्या न्हाईतर शंभर, कॅरियर चालू ऱ्हाईल.”

“भाऊ, गव्हाणीजवळ माणसांचे हात असतात. खरंच मिल अडकली तर?”

“तेवढ्यात कुठं अडकतीय?”

“माणसाच्या सुरक्षेशी तडजोड नाही,” मी म्हणाले. वाक्य चांगलं होतं. मी ते अनेकदा छापलेलं वाचलं होतं.

“हां. हात साहेबांचं वाचतील. प्वाट माझं जाईल.”

“मग मी गुपचूप हॉल बसवते. केबल मी ओढते.”

तो ताडकन उठला. “नगं! नवं काय लावलं आन् बिघडलं तर म्हनतील, ह्यानंच हात घातला. ताई, तुमी पत्रकं काढा, पन माझ्या पॅनलला हात लावू नका.”

एवढं झाल्यावर शोषितांना माझी गरज आहे या समजुतीला जरा तडा गेला. जोडणी मात्र मी सोडली नाही. शेवटी त्यानेच तोड काढली: मोळीच्या दिवशी मिल देवाच्या चालीपेक्षा थोडी पळवायची, आकडा शून्यावर येऊ द्यायचा नाही.

त्या दिवशी पॅनलला झेंडूच्या माळा, स्टुलाला कुंकू. पॅनलची काचेची केबिन मिल हाउसात वर आहे. मी आत त्याच्या मागे उभी होते. खाली हलगी कडाडत होती. त्याने नवा शर्ट घातला होता, खिशाला कंपनीच्या घडीची रेघ तशीच. स्क्रीनवर आकडा ठीक होता.

महाराज आणि चेअरमन दोघांनी मिळून मोळी उचलली, कपाळाला लावली आणि सोडली. कॅरियरने ती झपकन ओढून नेली. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत मोळी गेली होती. फोटोत आले ते रिकामे हात.

“आरं दमानं!” चेअरमन वर बघून ओरडले. “वरात न्हाई गेली तुझी! हळू घे!”

दुसरी मोळी आणली गेली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. त्याने बटण फिरवलं. आकडा उतरत गेला, थोडा थरथरला आणि शून्य झाला. मिल फिरत होती, मला काचेतून स्पष्ट दिसत होती. सेन्सरच्या मते मात्र कोणी जात नव्हतं. धक्का बसून कॅरियर थांबला. मोळी बरोबर गव्हाणीच्या मधोमध, हारासकट, उभी राहिल्यासारखी. हलगीवालेही थांबले.

त्या शांततेत पहिला आवाज फोटोग्राफरचा आला.

“साहेब, असंच! हलू नका! महाराज, हात मोळीवर... वा!”

कॅमेरे कडकड वाजले. सपत्नीक संचालक पुढे सरकले. एकेकाने मोळीला हात लावून फोटो काढून घेतला. एक बाई म्हणाल्या, किती छान दर्शन झालं. मग चेअरमननी वर पाहिलं.

“कोणी थांबवलं हे?”

तो केबिनबाहेर जिन्यावर गेला. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. दाताचा वेग, तारेतली वीज, समितीची चाचणी, लोखंडी कपाट, सगळं क्रमाने. खाली उभ्या चीफ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी टिपणी वाचताना ते इतके एकाग्र नव्हते.

“म्या, साहेब,” तो म्हणाला. “फोटोसाठी.”

चेअरमन महाराजांकडे वळून म्हणाले, “बघा. सांगावं लागलं न्हाई.” स्टेजवर गेल्यावर कायम झालेल्यांत त्याचं नाव पहिलं घेतलं, आणि ‘डोकं लावून काम करणारा माणूस’ असं वर जोडलं. टाळ्या पडल्या. खालून खूण मिळताच त्याने केबिनमध्ये येऊन मिलचा वेग पुन्हा वाढवला. आकडा आला, कॅरियर चालू झाला, मोळी गेली.

“खोटं बोललात, भाऊ,” संध्याकाळी मी म्हणाले.

“मंग काय सांगू? तुमच्या चुंबकाला दिसलं न्हाई म्हनून?” त्याने माळेतलं झेंडूचं एक फूल माझ्या टेबलावर ठेवलं. “तुमचं खरं कुठं पळून चाललंय? माझी ऑर्डर हातात येऊ द्या, मंग सांगा समद्यास्नी.”

ऑर्डर हातात आली आणि दुसऱ्याच दिवशी तो केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकून माझ्या दारात उभा.

“तो जीव नसलेला काढा ड्रावरमधनं.”

“आता का? चुकीच्याच सेन्सरने तर तुम्हाला कायम केलं.”

“म्हनूनच. काल मिल दमली, दाट ऊस आला हुता, मिल चालू आन् आकडा शून्य. कॅरियर फुकट थांबला. आदी हंगामी हुतो, आता जिंदगीभर ह्याच्याम्होरं बसायचंय.”

साफसफाईच्या बंदमध्ये आम्ही हॉल बसवला. चीफ साहेब तिथून गेले, पाहिलं, आणि त्यांना मोबाईलवर महत्त्वाचा फोन आला. तेव्हापासून हळू, अगदी हळू चालणारी मिलही पॅनलवर दिसते. मी जिंकले होते. पत्रक काढायला मात्र जागा उरली नव्हती, कारण काय झालं हे सांगायचं म्हणजे त्याची ऑर्डर कशी आली हेही सांगावं लागलं असतं.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक नवी ओळ होती: मोळी-दर्शन. चेअरमननी निरोप पाठवला, मागच्यासारखं बरोबर मधोमध थांबव. आता हॉल सेन्सर देवाची चाल व्यवस्थित ओळखतो, त्यामुळे कॅरियर आपोआप थांबण्याचा प्रश्नच नाही. तो हाताने थांबवावा लागतो. पॅनलवर लाल बटण आहे, त्यावर त्याचा अंगठा असतो. पण फेट्यांच्या आडून मोळी कुठे आली हे त्याला केबिनमधून दिसत नाही. म्हणून मी गव्हाणीच्या कठड्याशी उभी राहते आणि मोळी मधोमध आली की हात वर करते.

“मॅडम,” पहिल्या वर्षी खाली उतरल्यावर तो म्हणाला, “हात वर केलाय तर मूठ कशापायी वळली?”

मी म्हणाले, सवय आहे.

“ऱ्हाऊ द्या. लांबून चांगली दिसती.”