थोभोकाकांचा बोल्ट

समोरचा माणूस कितीही घाईत असो, थोभोकाका आधी डोळे मिटायचे. उजवा तळहात ट्रॅफिक पोलिसासारखा आपल्यासमोर धरायचे, डावा गाडीच्या बॉनेटवर ठेवायचे आणि म्हणायचे, "थोभो!" गुजरातीत थोभो म्हणजे थांबा. शहराच्या वाडी भागातल्या या ऑटो इलेक्ट्रिशियनचा सगळा धंदा त्या एका शब्दावर चालायचा. घरचे मराठे, पणजोबा इथल्या संस्थानच्या फौजेत म्हणून गुजरातेत आलेले. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी इतकी पुसट की ते वाचायलाही माणसाला थांबावंच लागे.

आणि मी? लिफ्टचं बटण तीनदा दाबणारा. चहा निवायच्या आत पिऊन जीभ भाजून घेणारा. कारखान्यात मी मीटर-गेज तपासण्याच्या विभागात आहे. 'आधी मोजा, मग उघडा' हे तिथे नव्या मंडळींना मीच सांगतो. घरच्या गाडीपाशी आलो की हे सगळं तत्त्वज्ञान कारखान्याच्या गेटवरच राहतं.

गाडी बाबांची. पांढरी, वीस वर्षांची. बाबा गेले आणि गाडी राहिली. तिला मधूनच एक खोड लागली. दोन दिवस शहाण्यासारखी चालायची, तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायचा, चौथ्या दिवशी किल्ली फिरवली की नुसतं टक्‌ टक्‌. एरवी मी हसण्यावारी नेलं असतं; पण आईला आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला न्यायचं असे. तिथली वेळ ठरलेली, यंत्र ठरलेलं, उशीर झाला तर पाळी दुसऱ्याला. "रिक्षा करा नाहीतर टॅक्सी," असं आमची ही म्हणे. त्यावर आईचं एकच उत्तर : "ह्यांच्या गाडीतून न्या, नाहीतर नेऊच नका." आणि नेऊच नका म्हणणारी आई खरंच न जाणारी होती. एकदा गाडी भर रस्त्यात मेली, आईची पाळी हुकली, तर घरी परतल्यावर म्हणाली, "बरं झालं. आज सुट्टी." त्या रात्री तिचे पाय सुजले. माझी झोप उडाली ती तेव्हापासून.

मग मी माझ्या स्वभावाला साजेसं सगळं केलं. बॅटरी बदलली. महिन्याभरात पुन्हा बदलली. डायनामो बदलला, पट्टा बदलला, दिव्याचा बल्बसुद्धा काढून पाहिला. गाडीत आता जुनं असं काही उरलं असेल तर तो मी, असं ही म्हणाली. शेवटी कोणीतरी थोभोकाकांचं नाव सांगितलं.

गाडी त्यांच्या गल्लीत शिरत नसे. ते मीटर गळ्यात अडकवून नाक्यावर आले. मी एका दमात सगळी हकिगत सांगितली. त्यांनी तळहात धरला. "थोभो, भाई. तुम्ही काय काय बदललं ते सांगितलं. बिघाड केव्हा दिसतो ते कुठे सांगितलं?"

"केव्हाही दिसतो!"

"केव्हाही काहीच होत नाही ने. त्याची पण वेळ असते. वही करा."

मी वही केली. तारीख, वेळ, रस्ता, दिवा लागला की नाही. आठ दिवसांनी दाखवली. काका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेले आणि मी पाय हलवत राहिलो. मांडवीवरून जाताना लागला. ऑफिसला जाताना नाही. ऑफिसहून येताना नाही. पुन्हा मांडवीवरून, लागला.

"मांडवीवरून जाताना गाडीत कोण असतं?"

"आई. दवाखान्याचाच रस्ता तो."

"आणि ऑफिसला?"

"मी एकटा."

"एकटे असता तेव्हा एसी लावता?"

मी ओशाळलो. मी एकटा असलो की खिडकी उघडतो. पेट्रोल वाचतं. आईला मात्र गुदमरायचं, म्हणून ती बसली की एसी आणि पंखा पूर्ण.

"जो, बघा!" काका म्हणाले. "ताईंना बसवल्याशिवाय तुमचा बिघाड काही दर्शन देणार नाही. काल तपासली, परवा तपासली, सगळं बराबर दिसतं. कसं नाही दिसणार? गाडी उभी, एसी बंद, विजेवर भार नाही, मालक घाईत."

पुढच्या पाळीला थोभोकाका आमच्याबरोबर निघाले. आई मागे पाय लांब करून, काका पुढे माझ्या शेजारी, डोळे मिटून, डावा हात डॅशबोर्डवर. मी दर सिग्नलला घड्याळ पाहत होतो. आईने मागून विचारलं, "भाऊ, झोप लागली का?"

"नाही ताई. ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"तुमच्या चिरंजीवांचा गुडघा. गाडीचा आवाजच येऊ देत नाही."

आई इतकी हसली की तिला खोकला आला. पुढच्या खड्ड्यात गाडी आपटली आणि लाल दिवा लागला. मी "लागला, लागला!" ओरडलो. काकांनी डोळे न उघडता तळहात धरला. "दिसला. आता ताईंना आधी पोचवा."

आई आत यंत्राला जोडली गेली आणि आम्ही दवाखान्याच्या आवारात बॉनेट उघडलं. इंजिन चालू, एसी चालू, हेडलाइट चालू. काकांनी मीटरची एक सळई बॅटरीच्या काळ्या टोकावर ठेवली आणि दुसरी, मी समजलो होतो लाल टोकावर ठेवतील, तर गाडीच्या पत्र्यावर टेकवली. काळी वायर पत्र्यालाच जोडलेली, म्हणजे दोन्ही टोकं एकाच बाजूची. इथे काय मिळणार?

"इथे किती पाहिजे, मीटरवाले भाई?"

"शून्य," मी म्हणालो.

मीटरवर शून्य नव्हतं; म्हणजे मधला जोड नीट नव्हता. काकांनी पत्र्याला मुठीने ठोसा दिला तसा आकडा आणखी उडाला. मी बॅटरी दोनदा बदलली, पण तिची काळी वायर गाडीच्या अंगाला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे कधी पाहिलंच नव्हतं. बॅटरीच्या खाली, अंधारात होता तो बोल्ट. काकांनी खोलला. वायरच्या टोकाच्या कडीवर हिरवट-पांढरी खपली होती. त्यांनी पान्याच्या टोकाने ती खरवडली आणि आतून लाल रंग निघाला. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"गाडीची पूजा कोण करतं?"

मला एकदम सगळं दिसलं. दर दसऱ्याला बॉनेट उघडायचं. बाबांनी आईला कधी तरी सांगितलं होतं, गाडीचा जीव बॅटरीत असतो. म्हणून बाकीचे लोक चाकाला करतात ती पूजा आमच्याकडे बॅटरीला. हळद, कुंकू, वरून पळीने पंचामृत आणि नारळाचं पाणी. वीस वर्षं. सगळं ओघळून त्या बोल्टवर.

"आईला सांगतोच आता—"

"थोभो." या वेळी तळहात माझ्या छातीवर टेकला. "काय सांगणार? तुझ्या भक्तीने तुझी पाळी हुकली, असं?"

त्यांनी पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट कसला, वरून ग्रीसचा जाड थर दिला. आई बाहेर आली तेव्हा थकलेली होती. "काय सापडलं, भाऊ?"

"गंज, ताई. जुनी गाडी."

दिवा त्यानंतर लागला नाही. दसऱ्याच्या सकाळी काका न बोलावता आमच्या नागरवाड्यातल्या घरी आले, हातात ग्रीसचा छोटा डबा. आई खुर्चीत बसून पूजेची तयारी सांगत होती. "ताई," ते म्हणाले, "या बोल्टला ओलं वर्ज्य आहे. पाणी नाही, दूध नाही. फक्त ह्या तुपाचं एक बोट."

आईने डब्यात पाहिलं. "पिवळं आहे. तूपच की. वर्ज्य असेल तर असो." तिला उचलून गाडीपाशी नेलं. तिने वाकून बोट लावलं, नमस्कार केला. पंचामृत त्या वर्षी चाकाला गेलं.

पुढच्या पाळीला जाताना मागून आवाज आला, "माझ्यामुळेच झालं होतं ना रे ते?"

तोंडातून 'हो' निघणारच होता. माझ्यासारख्याच्या तोंडात शब्द थांबतो कुठे? पण छातीवर तो तळहात जाणवला. सिग्नल लाल होता, मी हिरवा होईपर्यंत गप्प बसलो. मग म्हणालो, "गंज होता, आई."

"भाऊही तेच म्हणाले." आरशात ती खिडकीबाहेर पाहत होती. "दोघांनी ठरवलंत वाटतं." आणि जरा वेळाने, "पण पोचलो बघ वेळेवर."

आई त्या थंडीत गेली. शेवटची पाळीसुद्धा तिने चुकवली नव्हती. थोभोकाका तेराव्याला आले, निघताना गाडीच्या बॉनेटवर डावा हात ठेवून क्षणभर डोळे मिटले. पावसाळ्यात दुकान बंद करून ते मुलीकडे नवसारीला गेले. निरोप घ्यायला मी घाईघाईने पोचलो, तर शटर खाली होतं. त्यांच्या बाबतीत तरी मला उशीर व्हायला नको होता.

त्यांचा ग्रीसचा डबा अजून आमच्या देवघरात आहे, निरांजनाच्या तुपाशेजारी. एकदा ही त्यात वात बुडवणार होती, मी ओरडलो. यंदा दसऱ्याला बॉनेट उघडलं. इंजिन बंद, घरचे सगळे उभे, नारळ फोडायचा खोळंबा. ही म्हणाली, "अहो, आटपा की."

मी तळहात वर केला. मग बोट ग्रीसमध्ये बुडवलं आणि त्या बोल्टवर, सगळीकडून नीट झाकला जाईपर्यंत, सावकाश फिरवत राहिलो.