टाकीचा उपास

पाचपावलीच्या एका गल्लीत मनोहररावांचं घर. हातमाग कधीच भंगारात गेला होता, पण मागच्या अंगणात गोबरगॅसची टाकी होती. ती बायकोची, सुभद्राची हौस. शेण, भाजीचे देठ, खरकटं असं सगळं कालवून ती रोज टाकीत ओतायची आणि शेगडीवर निळी ज्योत पेटली की शेजारणींना हाका मारून दाखवायची. ती वारली आणि टाकीचं पोट भरणं मनोहररावांच्या गळ्यात आलं. आता एकट्या माणसाचं खरकटं ते केवढं! म्हणून म्हातारा दोघांचा भात रांधू लागला. आपला जेवायचा, तिच्या वाट्याचा टाकीला घालायचा. गल्ली हसायची. हसू दे.

एक दिवस पुण्याहून मुलीचा, मिनलचा फोन आला. "बाबा, मी येऊन राहिली. ते टाकी चालू नसन तर काढून टाकू, अन् तुम्ही माह्याकडे चाला."

मनोहरराव लगेच टाकीपाशी गेले. ज्योत चांगली मोठी दिसली पाहिजे! जन्माचे कोष्टी ते; खळ पाजली की सुताला जोर येतो, एवढं पक्कं ठाऊक. त्यांनी पिठाची बादलीभर खळ शिजवली आणि टाकीला पाजली. टाकीला अपचन झालं. मिनल आली तेव्हा काडीवर काडी ओढली, पण ज्योत काही पेटेना. नुसता आंबूस वास.

"आता कोनासाठी ठेवता, बाबा?"

"राहू दे वं. पोट बिघडलं तिचं. मी पाहून राहिलो न."

"दिवाळीपर्यंत पाहा. मंग भंगारवाल्याले देऊन टाकू." आणि ती गेली.

गल्लीतल्या एका लग्नाचा उरलेला भात एकदा टाकीला असाच बाधला होता, तेव्हा सुभद्रानं तिला उपास घडवला होता. थोडी चुन्याची निवळी, थोडं शेण, बाकी काही नाही. मनोहररावांनी तेच धरलं. पण टाकीचा उपास म्हणजे तिच्या वाट्याचा भात बंद. सुभद्रा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी एका माणसाचे तांदूळ घेतले. पातेल्याचा तळही झाकला नाही. ते पाहून म्हातारा ओट्यापाशीच बसला आणि रडला. तिला नेलं त्या दिवशीही तो इतका एकटा पडला नव्हता.

रोज तेवढेसे तांदूळ, रोज एक काडी. दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी काडी ओढली आणि भपकन ज्योत आली, निळी. सुभद्रासारखं कुणाला हाक मारायला जीभ वळेना. मिनलला फोन लावला, तिनं उचलला नाही.

मग त्यांनी डब्यात हात घातला आणि दोघांचे तांदूळ घेतले.

"आज थोडाच देतो वं," ते अंगणातल्या टाकीकडे पाहत म्हणाले. "तुले पचन तेवढा."