भिकुअक्कांचा गोंगाट

माझ्या सासूबाईंचं नाव भिकुबाई, पण गावात त्यांना सगळे भिकुअक्का म्हणतात. मी सून असूनही अक्काच म्हणते. एरंडोलच्या पुढे फाट्यावर उतरून थोडं चाललं की आमचं गाव लागतं. त्या गावात अक्कांशी वाद घालायला सहसा कोणी जात नाही, आणि जो जातो तो दुसऱ्यांदा जात नाही. मी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी गेले होते, म्हणून सांगते.

अशा बाईचे कान गेले. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं की लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. कानांनी कमी ऐकू यायला लागलं की लोक एक तर हसतात, नाही तर खेकसतात. आमच्या घरात तरी वेगळं काय होतं? योगराज, म्हणजे माझे यजमान, अक्कांना काही सांगायचे ते आधी मोठ्याने, मग आणखी मोठ्याने, आणि मग हात झटकून म्हणायचे, "जाऊ दे." ते "जाऊ दे" मात्र अक्कांना दर वेळी बरोबर ऐकू यायचं.

तरी त्या डगमगल्या नाहीत. बाजारात भाजीवालीशी खुणांनी भांडल्या, लग्नात ओठांवर नजर ठेवून सगळ्यांच्या भानगडी जाणून घेतल्या. त्यांना खरा फटका बसला तो गेल्या वर्षीच्या कानबाईला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. रोटांचे, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर घेतात, माणशी सव्वा मूठ. दळायचे, लाटायचे, भाजायचे आणि जागून गाणी म्हणायची ती मात्र बायकांनी. असो, त्यावर मी बोलायला लागले तर हे लिहिणं बाजूला राहील. तर गाण्यात एक बाई पुढे ओळ टाकते आणि बाकीच्या ती झेलतात, लांबवतात, पार ओढ्यापलीकडे जाईल अशी. पुढची ओळ टाकायची ती त्यांची झेल उतरताना, अगदी नेमकी. अक्का सून होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूने हे काम त्यांच्याकडे दिलं आणि तेव्हापासून ते त्यांच्याकडेच होतं.

गेल्या वर्षी बायका झेलत असतानाच अक्कांनी मधेच पुढची ओळ टाकली. एकदा झालं, दोनदा झालं. मागच्या पोरी पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. तेव्हा अक्कांची चुलत जाऊ कोकिळाकाकू यांनी हळूच गाणं स्वतःकडे घेतलं. त्यांचा आवाज चांगला आहे, नाही म्हणून कसं चालेल? अक्कांना ते ऐकू आलं नाही, दिसलं. सगळ्या तोंडांची दिशा बदललेली त्यांनी पाहिली आणि त्या गप्प बसल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही पाहिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी विसर्जनाला त्या घरातून निघाल्या नाहीत. मला त्यांचं फार वाईट वाटलं. ही बाई कोणाचं ऐकत नाही म्हणून मी आयुष्यभर कुरकुर केली, आणि आता तिला खरोखरच ऐकू येत नाही याने माझाच जीव तुटला.

यंदा वैशाखात त्यांनी स्वतःच सांगितलं, कानाचं मशीन घ्यायचं. आम्ही तिघं जळगावला गेलो. एका कॉम्प्लेक्समध्ये दुकान, एका बाजूला भिंतभर चष्मे, दुसऱ्या बाजूला कानाची मशीनं, मधे तपासणीची काचेची खोली. तिथे कुंदन नावाचा एक तरुण होता. बोलायला गोड, कपडे इस्त्रीचे. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि योगराजना विचारायला सुरुवात केली. आजींना कधीपासून कमी ऐकू येतं? आजी चिडचिड करतात का? टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात का? योगराजही उत्तरं देत सुटले, जणू गुरांच्या डॉक्टरकडे म्हैस घेऊन आले होते.

अक्का एकदा याच्या, एकदा त्याच्या ओठांकडे बघत होत्या. मग त्यांनी टेबलावर तळहात आपटला.

"कान मना शेतस. माले इचार."

कुंदन ओशाळला. मग त्याने त्यांच्याकडे वळून विचारलं, आजी, तुम्हाला काय ऐकायचं आहे? अक्का म्हणाल्या, कानबाईचं गाणं. तो हसला, हो हो म्हणाला, आणि आत नेऊन त्यांना टुंटुं आवाज ऐकवले. काही दिवसांनी मशीन बसवून दिलं.

मशीन चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? नळ टपकलेला कळायला लागला, कुकरच्या शिट्ट्या कळायला लागल्या. मी स्वयंपाकघरात पुटपुटलेलं त्यांना बाहेर अंगणातल्या ओट्यावर कळायला लागलं, आणि त्यापायी घरात काय रामायण झालं ते इथे सांगत नाही. योगराज खूश होते. आईशी बोलताना आता घसा बसत नव्हता.

आषाढात दुपारच्या वेळी अक्कांनी बायका ओट्यावर जमवल्या. म्हणाल्या, गाऊन बघू. ओळ टाकली. बायकांनी झेलली. अक्कांचा चेहरा मी समोरून बघत होते. क्षणभर उजळला आणि मग विहिरीत डोकावल्यासारखा खाली गेला. त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं. म्हणाल्या, सुरुवात ऐकू येते, मग आवाज बुडतो. पुन्हा गाऊन पाहिलं, पुन्हा तेच. पोरींपैकी कोणाला हसू आलं नाही, पण कोकिळाकाकू पुढे बसायच्या तयारीने आपल्या साडीच्या निऱ्या नीट करायला लागल्या, आणि मला त्या निऱ्यांचा राग आला.

आम्ही पुन्हा जळगावला गेलो. कुंदनने मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. उलट फार हुशार आहे. माणूस बोलतो तेव्हा आवाज थांबत थांबत येतो, ते मशीन ओळखतं आणि ठेवतं. जो आवाज एकसारखा लांब चालतो, पंख्याचा, मोटारीचा, तो गोंगाट समजून खाली दाबतं. तुमच्या गाण्यात एवढ्या बायका एकदम ओढून धरतात, मशीनला वाटतं गोंगाट आहे.

मी हे अक्कांना कानाजवळ नीट सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्या कुंदनकडे वळल्या.

"हाऊ गोंगाट शे, हाई तुले कोनी सांगं?"

त्याने पुन्हा समजावलं. वाईट मुलगा नव्हता तो, पण त्याच्या समजावण्यात सायंकाळची शेवटची गाडी पकडायची घाई होती. म्हणाला, आजी, सवय होईल. या वयात घरच्यांचं बोलणं ऐकू आलं म्हणजे पुष्कळ झालं. आता मला सांगा, या वयात म्हणजे कोणत्या वयात? सत्तरीच्या माणसाने फक्त 'जेवलीस का', 'गोळी घेतलीस का' एवढंच ऐकायचं असा नियम कोणी केला? माझ्या जिभेवर आलं होतं, पण योगराज आधी बोलले. आणि चुकीचं बोलले.

"अक्का, आते वय व्हयनं. गानं कोकिळाकाकूले म्हनू दे."

अक्कांनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. कुंदनलाच म्हणाल्या, "माले सवय नको, माले गानं जोयजे." आणि उठल्या. परतीच्या गाडीत त्यांनी मशीन काढून मुठीत धरलं होतं. योगराज काही बोलले की त्या खिडकीबाहेर कपाशी बघायच्या. मशीन नसण्याचे फायदेही असतात.

घरी आल्यावर मी गप्प बसले नाही. जळगावचा एक पोरगा आपल्या कानबाईच्या गाण्याला गोंगाट म्हणतो, असं मी गल्लीत सांगून आले. थोडं तिखटमीठ लावलं, कबूल आहे. पण गल्लीतल्या बायकांना जो झणका बसला तो माझ्या तिखटाचा नव्हता. आणि अक्का? त्या तडक कोकिळाकाकूंच्या दारात गेल्या. गेल्या वर्षीपासून त्या उंबऱ्यावर त्यांनी पाय ठेवला नव्हता. म्हणाल्या, तुझ्या आवाजावरच मशीन बुडतं, तू नाही आलीस तर त्या पोराला दाखवू काय? कोकिळाकाकूंनी पदर खोचला. मग विचारलं, किती वाजताची गाडी?

हल्ली एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून कोणालाही कुठेही न्यायचं म्हणजे फक्त हाक मारायची. आम्ही अर्धी गल्ली घेऊन जळगावला उतरलो. योगराज आले नाहीत. लोक काय म्हणतील, म्हणाले. लोकांनी जे म्हणायचं ते रस्त्यातच म्हटलं, कारण एवढ्या बायका नऊवारी-सहावारी खोचून एका चष्म्याच्या दुकानात शिरताना जळगावने कधी पाहिल्या असतील असं वाटत नाही.

कुंदन उभाच राहिला. एका वेळी एकच पेशंट, म्हणाला. अक्कांनी कानातलं मशीन काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि मागे आमच्याकडे हात केला.

"हाऊ मना गोंगाट. याले मोज."

काचेच्या खोलीत आम्ही मावणार नव्हतो. मग दुकानाच्या मधोमध, चष्म्यांच्या आरशांसमोर सगळ्या बसल्या. कुंदनने मशीनला वायर जोडून ते अक्कांच्या कानात घातलं आणि कॉम्प्युटर पुढे ओढला. अक्कांनी ओळ टाकली. कोकिळाकाकूंनी झेलली, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळ्यांनी. कुंदन म्हणाला, मावशी, जरा हळू. त्यावर कोकिळाकाकूंनी डोळे मिटले आणि आवाज आणखी चढवला. बाई मला तेव्हा पहिल्यांदा आवडल्या. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ तपासणीची ती लोखंडी चौकट डोळ्यांवर लावून बसले होते, ते तसेच वळले आणि मान डोलवायला लागले. पायरीवर बघे जमले. दुकानाचे मालक आतून आले, गर्दी बघून रागवावं की हसावं हे त्यांचं ठरेना. शेवटी खुर्ची ओढून बसले.

अक्का हाताने सांगत होत्या. बुडाला. अजून बुडाला. कुंदनने एक काहीतरी बंद केलं, मशीनने कर्कश शिट्टी मारली, त्याने आवाज जरा उतरवला. पुन्हा ओळ, पुन्हा झेल. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण आता त्याला घाई नव्हती. मी बघत होते, त्याचे डोळे पडद्यावरून उठून अक्कांच्या तोंडावर येऊन थांबायला लागले होते. किती वेळा झालं कोण जाणे. आमचे घसे कोरडे पडले, मालकांनी चहा मागवला.

मग एकदा आम्ही झेल लांबवली आणि अक्कांचा खालीवर होणारा हात हवेतच थांबला. त्या ऐकत होत्या. शेवटापर्यंत ऐकत होत्या. झेल उतरताना त्यांनी पुढची ओळ टाकली, आणि ती जिथे पडायला हवी तिथेच पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

कुंदनने विचारलं, "आजी, आता?" अक्का म्हणाल्या, आता बरोबर. मग त्याने त्यांना मशीनवरचं बारीक बटण दाखवलं. एकदा दाबलं की बोलण्यासाठी, पुन्हा दाबलं की गाण्यासाठी. गाण्यावर असताना गर्दीतलं बोलणं तुम्हाला नीट कळणार नाही, एवढं लक्षात ठेवा, असंही बजावलं. अक्कांनी मान हलवली. निघताना त्यांनी त्याला कानबाईच्या रोटांचं आमंत्रण दिलं, आणि रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत हे आठवून, तुला वेगळा स्वयंपाक करू, असंही सांगितलं.

श्रावणात कानबाई बसली. कोकिळाकाकूंना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या आल्या आणि मागच्या रांगेत झेलणाऱ्यांमध्ये जाऊन बसल्या.

सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. पाटावर कानबाई, पुढे ढोल, वाटेत फुगड्या, आणि सगळ्यांच्या पुढे अक्का गात चाललेल्या. नदीचा रस्ता लांब आहे आणि त्या दिवशी ढग फाटून कडक ऊन पडलं होतं. योगराज ट्रॅक्टर घेऊन मागून आले, उतरून आईच्या शेजारी चालायला लागले आणि कानाशी लागून ओरडले, अक्का, ऊन शे, ट्रॅक्टरमा बस. अक्कांनी ऐकलं नाही. ते पुन्हा ओरडले. मग खुणेने बटण दाखवायला लागले, ते दाब, मी काय म्हणतो ते ऐक.

बायका झेल लांबवत होत्या. अक्कांनी मुलाकडे मान वळवली, कानाला हात लावला आणि बटण न दाबताच तो खाली घेतला.

"आते तू गोंगाट शेस," त्या म्हणाल्या, आणि पुढची ओळ टाकली.