बंद पडलेल्या मशीनमधली सकाळ

केबिन रोडवरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाई एकदाच आल्या. सकाळीच रिपोर्टांचा सर्व्हर बंद पडला होता. पालीहून आलेल्या एक मावशी बाकावर बसून होत्या. नवऱ्याचं ऑपरेशन होतं, आणि तासाभरापूर्वी टाइप केलेला त्याचा रिपोर्ट आत अडकला होता.

बाईंनी चष्मा ओढणीला पुसला आणि विचारलं, "काल शेवटचा पेशंट कोण होता?" मी सांगितलेलं नाव त्यांनी तळहातावर लिहिलं.

"तुमचा सर्व्हर म्हणजे ह्या मोठ्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. व्हर्च्युअल मशीन. काल रात्रीच्या बॅकअपवरून मी तो बाजूला नव्याने उभा करतेय."

बऱ्याच वेळाने तळहातावरचं, कालच्या शेवटच्या पेशंटचं नाव नव्या मशीनच्या स्क्रीनवर दिसलं, तेव्हा कुठे त्या खुर्चीला टेकल्या.

"आता जुनी मशीन डिलीट करा ना," मी म्हणालो.

"नको. बंद पडलीय, पण आजची सकाळ तिच्यातच आहे."

त्यांनी जुन्या मशीनची डिस्क नव्या मशीनला जोडली आणि सकाळच्या फायली शोधू लागल्या.

"हाय का त्यात?" मावशींनी विचारलं.

"आहे, मावशी. हा बघा."

मावशी कागद घेऊन रिक्षाकडे धावल्या. मला वाटलं, झालं काम. पण बाई उठेनात. सकाळचे बाकीचे रिपोर्ट अजून कुणी मागितलेही नव्हते. कधीच न भेटणाऱ्या त्या माणसांची नावं हळू आवाजात वाचत, त्या एकेक रिपोर्ट नीट उघडतोय ना, ते बघत राहिल्या.