मागचं दार

"भाषा जरा ओबडधोबड होती हिची. मी संस्कार केले," संपादक मॅडम माईकवर म्हणाल्या. अख्खा हॉल हसला. इंदुरातल्या एका मराठी मंडळाच्या अंकाचं प्रकाशन होतं. मी स्टेजवर उभी. हातात अंक, अंकात माझं नाव, आणि माझ्या आईवरचा लेख.

मी पलासियाच्या एका दवाखान्यात आया आहे. आई सुदामा नगरात घरोघरी बाळंतिणींची मालिश करायची, बाळांना न्हाऊ घालायची. मंडळाच्या लायब्ररीत मला एका लेखिकेचं पुस्तक मिळालं. त्यात आई चूल पेटवते तर चूलच पेटवते. धूर डोळ्यांत जातो, बस. एक जड शब्द नाही. मी म्हटलं, अरे, असं तर मी रोज बोलते! मतलब, मला पण लिहिता येईल? ड्यूटीवरून आले की लिहायला बसायची. 'आईनं बाळाला जन्मल्यापासून रोज न्हाऊ घातलं. बारशाला तिला मागच्या दारानं बोलावलं. पाळण्याला हात लावू दिला नाही.' असं सगळं. मग ते कागद संपादक म्हणून मॅडमना नेऊन दिले.

आता स्टेजवर वाचायला अंक उघडला तर काय? 'मातेच्या वात्सल्यमय करांनी शिशूंस अभ्यंगस्नान घडे.' माझ्याच लेखात माझी जीभ अडखळली. 'वात्सल्यमय' दोनदा चुकलं. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वाचता वाचता मी शोधत होते, माझं मागचं दार कुठंय? नव्हतंच. पाळणा होता, त्याला फुलं होती, सगळे आनंदात होते. अंगाचा तिळपापड झाला. तरी राग गिळून शेवटपर्यंत वाचलं. त्याची लाज अजून जात नाही.

खाली येऊन बसले. आई नवी साडी नेसून आली होती. कानाशी येऊन म्हणाली, "कोणाची कहानी आहे ग ही? छान आहे."

मी रडले. सगळ्यांसमोर.

चहाच्या वेळी मॅडमनी पाठीवर हात ठेवला. "दर वर्षी देत जा. मी करून घेईन नीट."

"नाही. माझे कागद परत द्या, मॅडमजी."

"अगं, ते कधीच रद्दीत गेले."

आता काय करणार? कोणाशी भांडणार? अंक घरोघर गेला. त्या बारशाच्या घरी पण गेला असेल. वाचून खूश झाले असतील ते.

घरी येऊन मी आईला माझं लिहिलेलं आठवून आठवून सांगितलं. जसं होतं तसं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "दाराला आतून कडी होती. किती वेळ वाजवत उभी होते मी, ते कुठं लिहिलंस?"

हे मला माहीतच नव्हतं. तिनं कधी सांगितलंच नव्हतं.

नवी वही काढली. कडी लिहिली. छापायचं तर असंच छापा, नाहीतर राहू द्या. यातलं एक अक्षर आता कोणाला खोडू देणार नाही.