गोष्टीतली नदी आणि खालाचं घर

बदनापूरच्या ऑफिसातून रेल्वेनं जालन्याला परतताना मला स्वप्नं पडायची, तीही उघड्या डोळ्यांनी. खिडकीबाहेर कपाशीची शेतं पळायची आणि मला मात्र आमची कुंडलिका दिसायची, पन्नास वर्षांनंतरची. नितळ पाणी, दोन्ही काठांवर गर्द झाडं, भर उन्हाळ्यात गार वारा. त्यावर मी एक गोष्टच लिहून काढली.

तेव्हाच गल्लीत महापालिकेची नोटीस लागली. ऊन दरवर्षी वाढतंय, म्हणून नदीकाठ हिरवा करायचा, आणि त्यासाठी काठावरची घरं हटवायची. पलीकडं टोलेजंग इमारतीतल्या फ्लॅटची पाटीही झळकली, 'नदीच्या सान्निध्यात'. अहाहा! कालपरवापर्यंत हीच मंडळी पुलावरून नाक दाबून जायची.

हरकती लिहायला सगळे पिठाच्या गिरणीत जमलो. मी ऑफिसवाली, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडं. ते उरकल्यावर कुणीतरी म्हणालं, "ताई, ती तुमची गोष्ट वाचा की." मला निमित्तच हवं होतं. गिरणी बंद होती, पिठाचा वास दरवळत होता, आणि वाचता वाचता खरंच सगळ्यांच्या पायाशी गार पाणी आल्यासारखं वाटलं.

काठावरच्या शेवटच्या घरात कपडे शिवणारी खाला एकटी राहायची. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बहोत अच्छी हाय, बेटा. पण माझं घर कुठं हाय ह्याच्यात?"

मी पानं चाळली. वळणावर, जिथं तिचं घर, तिथं मी गुलमोहर लावले होते. खाली एक बाकडं. नोटिशीच्या नकाशातही तिथं हिरवाच रंग होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ज्यांना इतक्या शिव्या घातल्या, त्यांच्याआधी मीच तिला उठवलं होतं, आणि तेही किती सुंदर मराठीत!

रविवारी पुन्हा लिहायला बसले. गुलमोहर काढले. तिथं घर मांडलं, खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर ओले कपडे, दारातून दिसणारं पाणी. मशीनवर खालालाच बसवलं. मग तिच्या ओट्यावर जाऊन वाचून दाखवलं. समोर खरी नदी होती, काळी, जागची न हलणारी.

खाला हसायलाच लागली. "येडी का काय गं तू? पन्नास सालांनी मी थोडीच राह्यते?"

मी खोडायला पेन काढलं, तर तिनं माझा हात धरला.

"मला काढ, चालंल. घर बिलकुल काढू नको."